पाठीवरचा ठसा

त्या राज्यात एक वजन राज्य करीत असे. ते काहीच करीत नसे. नुसते जड होते, आणि राज्य करायला तेवढे पुरत होते. वर्षातून एकदा प्रजेतल्या प्रत्येकाने दरबारात येऊन त्याच्याखाली आडवे व्हायचे आणि महाराज उठले की आपला आकार सावरून घरी जायचे, अशी रीत होती.

एका वर्षी शिसे उठलेच नाही. महाराज बाजूला झाले तरी ते चपटे पडून राहिले आणि त्यांच्या बुडाचा गोल ठसा त्याच्या पाठीवर तसाच राहिला. खरे तर तो त्याचा मऊपणा होता. पण महाराजांना गहिवरून आले. बाकीचे सगळे आपल्याला विसरून सरळ होतात, हे एकटेच आपली आठवण अंगावर वागवते, असे म्हणून त्यांनी शिशाला प्रधान केले.

त्यानंतर राज्यात ठशांना ऊत आला. मेण, कथील, पातळ पत्रे रस्त्यात थांबून एकमेकांना पाठी दाखवू लागले. ज्यांच्यावर ठसा उमटत नसे ते घरी दार लावून हातोडीने पोचे पाडून घेत आणि ते महाराजांचेच म्हणून मिरवत.

पोलादाची पट्टी हे पाहून तोंड फिरवून घेत असे. ती वजनाखाली चांगली खोल वाकायची आणि ते उठले की सरळ व्हायची. यात तिचा हट्ट नव्हता. तिचे अंगच तसे होते. पण प्रधानाने तिच्या सरळ होण्याला उद्धटपणा ठरवले आणि तिला सलग महिनाभर वजनाखाली ठेवण्याचा हुकूम काढला.

त्या महिन्यात पट्टीला आपल्या आतली एक हद्द कळली. त्या हद्दीच्या अलीकडे दुखत होते, कारण कण न् कण परत जायला ओढ घेत होता. तिच्या पलीकडे काहीच दुखणार नव्हते. तिथे ओढच संपत होती. त्या सुखाची तिला सगळ्यात जास्त किळस आली.

महाराज उठले. पट्टीही उठली, पण केसभर कमी. फरशीवर पडल्यावर तिच्या पोटाखालून उजेडाची एक बारीक रेघ दिसू लागली. दरबाराने त्या रेघेसाठी टाळ्या वाजवल्या. पट्टीला स्वतःच्या अंगाची शिसारी आली.

ती बिडाच्या खांबापाशी गेली. दरबाराचे छत पिढ्यान् पिढ्या त्याच्याच डोक्यावर होते, म्हणून आडवे होण्याची सक्ती त्याला नव्हती. तिने त्याला ती रेघ दाखवली.

“दादा, आता मी त्यांच्यातलीच झाले का?”

“तुला लाज वाटतेय ना? मग नाही,” खांब म्हणाला. “माझं वेगळं आहे. माझ्यावर डोंगर ठेव, मी उभा राहीन. वाकायला सांगितलं तर मात्र मी मोडेन. मधलं काही मला येत नाही.”

त्याला वाकायला सांगितले गेलेच. सगळे आडवे होतात आणि हा ताठ उभा राहतो, हे प्रधानाला खुपत होते. खांबाला साखळ्या बांधून बाजूला ओढले. तो जराही लवला नाही. एकच आवाज झाला आणि त्याचे दोन तुकडे झाले. प्रधानाने ते झाडून टाकायला लावले आणि खांबाच्या जागी शिसे मोठ्या अभिमानाने स्वतः उभे राहिले.

छत त्या दिवसापासून खाली येऊ लागले, कारण शिसे रोज थोडे थोडे बसत होते. छत बोटभर उतरले की दरबारी बोटभर आणखी वाकत आणि राज्यात नम्रता वाढत असल्याचे एकमेकांना सांगत. पट्टीने एकदाच तोंड उघडले, छत पडेल म्हणाली. तिला गटाराच्या कडेला फेकून देण्यात आले.

तिथून तिने ते पडताना पाहिले. धूळ बसली तेव्हा दरबार उरला नव्हता. महाराज जमीन फोडून खालच्या चिखलात गेले होते. वर फक्त बुडबुडे येत होते. मेण, कथील, पत्रे ढिगाऱ्यातून एकेक करून बाहेर सरकले. त्यांच्यावर आता कोणीच नव्हते. पट्टीला वाटले, हे आता तरी अंग सरळ करतील, निदान करून बघतील. ती वाट पाहत राहिली.

पडझडीच्या हादऱ्याने टेकडीवरचा एक ओबडधोबड धोंडा सुटला आणि गडगडत येऊन ढिगाऱ्याशेजारी थांबला. त्याला कुठे जायचे नव्हते, काही मागायचेही नव्हते.

शिसे सरपटत त्याच्याजवळ गेले. अंग चोळून चोळून त्याने धोंड्याखाली शिरायला जागा केली.

“बसावं, महाराज,” ते म्हणाले.

धोंडा कलंडला. शिशाच्या पाठीवरचे गोल वर्तुळ दबत दबत पुसले गेले आणि तिथे धोंड्याचे खाचखळगे नीट उमटू लागले. मागे मेण, कथील आणि पत्रे एकमेकांना ढकलत रांगेत उभे राहिले होते.