न हलणारी रेघ

फार जुनी गोष्ट, बेटांना अजून नावं नव्हती तेव्हाची. सोनकी नावाची उंदरीण करवंटीत भाताच्या लोंब्या घेऊन, शिंपल्याचं वल्हं मारत समोरच्या बेटावर निघाली होती. तिथं तिची बाळंतीण बहीण उपाशी होती.

खाडी संपून मोठ्या लाटा लागल्या, तशी सोनकीला मळमळू लागलं. बरं वाटेनासं झालं की अंधारात तोंड खुपसून पडायचं, ही उंदरांची रीतच. तिनं वल्हं सोडलं आणि करवंटीच्या तळाशी मान घातली. मळमळ आणखीच वाढली. वल्हं थांबल्यानं करवंटी लाटेला आडवी झाली आणि पाणी आत येऊ लागलं.

"अगं, मान वर कर!" शेजारी डोकं काढून एक म्हातारी कासवीण ओरडली.

"मावशी, मला मरू दे."

"मर नंतर! आधी पाणी आणि आभाळ मिळतं तिथं बघ. सगळं हलतंय, ती रेघ तेवढी हलत नाही. तिच्यावर नजर ठेव आणि वल्हव."

सोनकीनं मान वर केली. आजवर तिनं बिळाच्या तोंडाएवढंच आभाळ पाहिलं होतं. एवढं मोठं काही असतं? ती बघत राहिली, वल्हवत राहिली. पोट कधी शांत झालं, तिला कळलंच नाही.

बहिणीला पोटभर खाऊ घालून ती घरी परतली, आणि आधी तिनं बिळाला समुद्राच्या बाजूनं नवं तोंड पाडलं.