कातेरीनाने गप्प केलेलं गाव

इटलीतल्या वाल्मूराच्या दरीत अजून रस्ता पोचला नव्हता, खेचर जाईल एवढीच पायवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वीची. डोंगर इतके उंच की हिवाळ्यात सूर्य गावात नुसता डोकावून जायचा. मध्ये नदी. नदीच्या एका काठावर काळ्या दगडी छपरांची घरं आणि चर्चचा मनोरा, दुसऱ्या काठावर गवताची कुरणं. आणि सगळ्यांच्या वर, दरीच्या माथ्याशी, हिमनदी.

गावाचं पाणी त्या हिमनदीखालून, कड्याला टांगलेल्या लाकडी पाटातून यायचं. त्या पाटाची राखण कातेरीना करायची. पाटातल्या पाण्याने एक चाक फिरायचं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक लाकडी हातोडा फळीवर पडायचा. ठक. ठक. हातोडा वाजतोय म्हणजे पाणी वाहतंय. तो थांबला की समजायचं, वर काहीतरी बिघडलं. इतर माणसं आवाजाने जागी होतात, कातेरीना आवाज थांबला की जागी व्हायची. असं म्हणतात, की तिचं काळीजसुद्धा त्या हातोड्याच्या तालावर चालायचं.

एका उन्हाळ्यात गावच्या संताची जत्रा भरली होती. घंटा घणघणत होत्या, ढोल बडवले जात होते, पोरं पिपाण्या फुंकत होती. ज्यांचं गवत कापायचं राहिलं होतं तेवढे लोक पलीकडच्या कुरणात होते, आणि त्यांच्यात कातेरीनाची एकुलती एक मुलगी लेना. कातेरीना चौकात पाव घ्यायला उभी होती. पावासाठी पुढे केलेला तिचा हात तसाच थांबला. एवढ्या गलक्यातही तिला कळलं, वरचा हातोडा थांबला होता.

तिने नदीकडे पाहिलं. नदी आटून ओहोळाएवढी झाली होती. पाटाला पाणी नाही, नदीलाही नाही. मग पाणी गेलं कुठे?

ती धावत मनोऱ्यापाशी गेली. "बात्तिस्ता, घंटा थांबव. वर बर्फाने पाणी अडवलंय. ते फुटायच्या आत सगळ्यांना टेकडीवर चढायला सांग."

घंटा वाजवणारा बात्तिस्ता मोठा थट्टेखोर. "पाणी आटलं म्हणून पूर येतो होय गं? मग माझी बायको बोलायची थांबली की भूकंपच व्हायला हवा."

लोक हसले.

"ती बोलायची थांबते, तेव्हा तू घरी जायला घाबरतोस की नाही?" कातेरीना म्हणाली.

बात्तिस्ताचं हसू मावळलं. त्याने दोर सोडला.

पण पलीकडचे लोक? पूल पार खाली, तिथवर जायला वेळ नव्हता, पात्रातून धावत जावं तर पाणी कधी फुटेल याचा नेम नव्हता. आणि नदी आटलेली बघून ते पात्रात उतरले होते, हाताने मासे धरत होते. लेना सगळ्यांच्या पुढे. गावाने काठावरून आरडाओरडा केला, तर त्यांना वाटलं जत्रेचाच गलका. त्यांनी हसून हात हलवले.

"घंटा बडवू का?" बात्तिस्ताने विचारलं.

"सकाळपासून बडवतोच आहेस," कातेरीना म्हणाली. "गप्प व्हा. सगळे."

आणि गाव गप्प झालं. ढोल थांबले, पिपाण्या थांबल्या. असं म्हणतात, की तान्ही बाळं रडायची थांबली, मधमाश्या होत्या त्या फुलावर बसून राहिल्या, आणि चौकातल्या कारंज्याचा शेवटचा थेंब पडता पडता हवेतच थबकला.

जत्रेच्या दिवशी असली शांतता? लेनाने मान वर केली. तिच्या हातातला मासा निसटला. तेव्हा सगळ्यांनाच ते ऐकू आलं. वर, खूप वर, बर्फ करकरत होतं. डोंगराएवढं दार कुणी हळूहळू उघडावं तसं.

कातेरीनाच्या ओठांवर हाक आली होती. पण एक तोंड उघडलं की सगळीच उघडतील, म्हणून तिने ती गिळली. फक्त दोन्ही हात वर करून तिने डोंगर दाखवला. लेना कुरणाच्या चढाकडे पळाली. तिच्यामागे सगळे पळाले. इकडे गावही टेकडीवर चढलं.

मग लोंढा आला. त्यात घरांएवढाले बर्फाचे तुकडे होते, मुळांसकट झाडं होती. पूल गेला, गिरणी गेली, पाट गेला. माणूस मात्र एकही गेलं नाही. असं म्हणतात, बात्तिस्ताची म्हातारी शेळीसुद्धा वाचली.

पाण्यावर तुषारांचं धुकं दाटलं होतं, पलीकडे कोण आहे, कोण नाही, ते काही दिसेना. कातेरीना काठावर आली आणि गिळलेली हाक तिने मोकळी केली. "लेनाऽऽ!" ती हाक सात डोंगर ओलांडून गेली, असं म्हणतात. आणि पलीकडून आवाज आला, "ओ, आई."

आता वाल्मूराला बस जाते. प्रवासी मनोऱ्यावरची पुराची खूण बघतात, कड्यावर उरलेल्या पाटाचे फोटो काढतात. पण जत्रेच्या दिवशी भर दुपारी घंटा थांबतात, बँडवाले वाद्यं खाली ठेवतात, हॉटेलातलं कॉफीचं यंत्रही बंद होतं. अर्धं गाव तेव्हा पलीकडच्या कुरणात जाऊन उभं असतं. कुणी काही बोलत नाही. मग काठावरचा एकेक जण पलीकडच्या आपल्या माणसाला हाक मारतो. ज्याचं पलीकडे कुणीच नसतं, तो "लेना" म्हणून हाक मारतो, आणि गवतातून कुणी ना कुणी त्याला ओ देतंच.