दोन पानांची मशीन

"पण ही बसत का नाही, चाचा?"

रॅमची पट्टी मी दोन्ही अंगठ्यांनी दाबत होतो.

"हात काढ."

"दाबावीच लागते. व्हिडिओत दाखवतात."

"बसलेली दाबतात. न बसलेली नाही. हात काढ."

मी काढला नाही. कॉम्प्युटरचा बोर्ड खाली वाकायला लागला, तेव्हा दस्तगीरचाचांनी माझं मनगट धरलं. माणूस सत्तरीचा, पण बोटं पकडीसारखी.

त्यांचं दुकान मिरजेत, सतारी-तंबोऱ्यांच्या गल्लीत. घरातले सगळे तंबोरे करणारे. हे एकटेच कॉम्प्युटर जोडायला लागले. माझा भरतेशदादा त्यांच्याकडेच शिकला.

दादाला डेंग्यूनं नेलं, त्याला सव्वीस दिवस झाले होते. एक नवी मशीन जोडायची त्याची राहून गेली. पार्टची नावं त्यानं वहीत लिहून ठेवली होती. ते पार्ट विकत घेऊन, पोत्यात घालून मी आलो होतो. मला ती मशीन आजच्या आज चालू झालेली पाहिजे होती.

चाचांनी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"ही खाच बघ. आता बोर्डावरची बघ."

दोन्हींत नखाएवढा फरक होता.

"प्रोसेसर पण या बोर्डाचा नाही. वही दाखव."

मी वही उघडली. डाव्या पानावर एक यादी, उजव्या पानावर एक.

"यातलं काय घेतलंस?"

"दोन्हीतलं निम्मं निम्मं. बोर्ड डावीकडचा, प्रोसेसर आणि रॅम उजवीकडची."

"असं का?"

"दादा म्हणायचा, या मशीनमध्ये दोन सिस्टिम राहतील. लिनक्स आणि विंडोज. चालू केली की विचारेल, कोणती उघडू. म्हणून म्हटलं, डावं पान एकीचं, उजवं दुसरीचं. एकीवर अन्याय नको."

चाचा हसायला लागले. हसता हसता खोकले, डोळे पुसले, पुन्हा हसले.

"वा रे पठ्ठ्या! सवतींना साडी वाटल्यासारखे पार्ट वाटलेस की!"

मला राग आला. पण हसूही आलं. सव्वीस दिवसांत पहिल्यांदा... आणि हसलो म्हणून पुन्हा राग आला.

"ही दोन वेगवेगळ्या मशीनींची पानं आहेत, सन्मती. त्यातली एक तो ठरवणार होता. दोन सिस्टिमना दोन अंगं लागत नाहीत. एकाच अंगात राहतात. एक जागी असली की दुसरी झोपलेली असते."

"मग दादाची झोपलीच आहे म्हणायची?"

"दादाची सिस्टिम झोपलीय. त्याच्या जुन्या डिस्कवर आहे, शाबूत आहे."

चाचांनी रॅमची पट्टी खाली ठेवली.

"दादा गेला."

घरी कोणी असं बोलत नव्हतं. घरी सगळे म्हणायचे, तो आपल्यातच आहे.

मी स्टुलाला लाथ मारली. स्टूल भिंतीवर आपटलं. वर खुंटीला टांगलेला सुका भोपळा हलायला लागला.

चाचांनी तो दोन्ही हातांनी धरून थांबवला. मग खाली उतरवला. पार्ट एका कडेला सरकवले आणि टेबलाच्या मधोमध भोपळा ठेवला.

"तंबोरा करायचा तर आधी काय निवडतात?"

"मला काय माहीत? दांडी असेल."

"भोपळा. दांडी तासता येते. भोपळा वेलीवर जसा धरला तसाच राहतो. म्हणून तो आधी. मग त्याच्या मापाची दांडी."

"बरं. मग?"

"तुझ्याकडं असं काय आहे, जे तासता येत नाही?"

"प्रोसेसर."

"दुकानदार बदलून देईल."

"मग दादाची डिस्क."

"ती कुठल्याही बोर्डाला लागते."

मी सगळे पार्ट बघितले. पुन्हा बघितले. भोपळा बघितला. बाहेर कोणीतरी लाकूड घासत होतं...

"दादा गेला, ते," मी म्हणालो.

चाचांनी मान हलवली.

"ते आधी ठेव. आता बाकीचं निवडू."

मी स्टूल उचलून आणलं आणि बसलो.

"ही मशीन रोज चालू कोण करणार?"

मी वही मिटली.

"ते कळल्याशिवाय पार्ट निवडता येत नाहीत. कोण करणार?"

"लिनक्स त्याची, विंडोज माझी, असं तो म्हणायचा. पण मला नको. दोन्ही त्याच्याच राहू देत."

"तुला काय येतं?"

"काही नाही. आठवीत शाळा सोडली. द्राक्षांच्या पेट्यांचा टेम्पो चालवतो."

"मोबाईलवर काय बघतोस?"

"कुस्त्या."

चाचांनी माझ्या पोत्यातलं ग्राफिक्स कार्ड उचललं. ते विटेएवढं होतं.

"कुस्त्या बघायला हे? पैलवान बाहेर येऊन तुझ्याच छातीवर बसेल! हे डावीकडचं की उजवीकडचं?"

"कुठलंच नाही. सगळ्यात भारी द्या म्हटलं."

"परत कर. बोर्ड डावीकडचा आहेच, तुला तेवढी मशीन पुरे. डाव्या पानावरचा प्रोसेसर आण. डाव्या पानावरची रॅम आण. दादानं त्या पानावर काय काय लिहिलंय ते वाच. नुसती नावं नको. एक पार्ट दुसऱ्याच्या शेजारी का लिहिलाय, ते वाच."

वाचायला मला तीन दिवस लागले. न कळलेलं विचारायला मी पाच वेळा चाचांकडे गेलो. चौथ्या वेळी ते म्हणाले, "दादाला हेच विचारायला सात फेऱ्या लागल्या होत्या." पाचव्या वेळी मी जरा ताठ मानेनं गेलो.

शनिवारी पार्ट घेऊन आलो. भोपळा टेबलावरच होता. त्याच्या शेजारी बोर्ड मांडला.

"प्रोसेसर ठेव."

कोपऱ्यावरची खूण खुणेला लावून मी तो ठेवला.

"दाबू?"

"सोड."

"नीट बसला नसला तर?"

"सोड म्हटलं ना."

मी बोटं सोडली. तो जागेवर उतरला. आवाजसुद्धा झाला नाही.

"आता रॅम."

खाच खाचेवर आली. मी हात वरच धरून थांबलो.

"अरे, आता दाब की!"

मी दाबली. कट्.

दुपारपर्यंत सगळं जोडून झालं. दादाची जुनी डिस्क मी स्वतः लावली. नव्या डिस्कवर चाचांनी विंडोज घातलं, मग खूप वेळ काहीतरी टाइप करत बसले. शेवटी खुर्चीवरून उठले आणि मला तिथं बसवलं.

"चालू कर."

मी बटण दाबलं. पंखा फिरला. काळ्या स्क्रीनवर दोन ओळी आल्या. वर लिनक्स, खाली विंडोज. त्यांच्याखाली एक आकडा होता. दहा. मग नऊ.

"हे काय मोजतंय?"

"कोणी काही सांगितलं नाही, तर वरची आपोआप उघडते."

वरची म्हणजे दादाची.

मला तेच तर पाहिजे होतं. मी हात मांडीवर ठेवले.

सात.

सहा.

आपोआप उघडेल. दादाचं चित्र येईल, दादाच्या फाइली येतील. रोज येतील. मी नुसता बसून राहीन...

चाचा चष्मा पुसत होते. माझ्याकडे बघतही नव्हते.

चार.

तीन.

मी खालचा बाण दाबला.

उजेडाची पट्टी खालच्या ओळीवर आली. वरची ओळ होती तिथंच होती. दोन्हींच्या खाली आता काहीच नव्हतं.

"चाचा... मोजायचं थांबलं."

"तू हात लावलास ना."