हुंकाराची गोष्ट

टेपरेकॉर्डर नवलाईचा होता, त्या काळातली ही गोष्ट. आफ्रिकेतल्या एका माळावर गोरखचिंचेखाली कासवआजी गोष्टी सांगायची. ऐकणाऱ्यांनी ‘हं’ असा हुंकार दिल्याशिवाय ती पुढे सरकतच नसे.

एक टेपरेकॉर्डर तिथे आला. आजीची सिंहिणीची गोष्ट त्याने शब्दन् शब्द टिपली आणि ऐटीत म्हणाला, “आजी, आता तुम्ही आराम करा.”

दुसऱ्या दिवशी त्याने तीच गोष्ट लावली.

“हं,” तरस म्हणाला, “पण तेव्हा तिची पिल्लं कुठं होती?”

रेकॉर्डर आपला बोलतच राहिला. एकेक करून सगळे उठून गेले. आपला तर एक शब्दही चुकला नाही, मग झालं काय, हे त्याला कळेना.

समोर आजी तेवढी उरली होती. ती म्हणाली, “हं.”

रेकॉर्डर पहिल्यांदाच थांबला.

“आजी,” त्याने हळूच विचारलं, “पिल्लं कुठं होती हो?”