शेजारच्या जंगलातली महागाई

फार जुनी गोष्ट नाही, फार लांबचीही नाही. साजवन नावाचं एक जंगल होतं. तिथं रानडुक्कर महाराज राज्य करत. ते दर पाच वर्षांनी रीतसर निवडून येत. त्यांच्यासमोर दुसरं कुणी उभं राहत नसे, कारण समोर कुणी उभं राहिलेलं महाराजांना आवडत नसे.

एका साली साजवनात महागाई आली. चांगुणा खार सरकारी कोठारावर भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या कामाला होती. दिवसभराच्या कामाला पूर्वी ओंजळभर दाणे मिळत, मग मूठभर मिळू लागले, मग चिमूटभर. शेंगा मात्र तेवढ्याच फोडाव्या लागत. घरी तीन पिल्लं होती. ती भुकेनं रडू लागली की चांगुणा त्यांच्यावर ओरडे, आणि ओरडून झालं की स्वतःच रडे.

शेवटी ती दरबारात गेली. "महाराज, चिमटीत तीन पोरं कशी जगवायची, तुमीच सांगा."

महाराज जेवत होते. ते नेहमीच जेवत असत; राज्यकारभार अधेमधे चाले. त्यांनी अर्थमंत्र्यांकडे पाहिलं. अर्थमंत्रीपद घोरपडीकडे होतं. चिकटून राहण्याचा तिचा अनुभव दांडगा होता.

"बाई, महागाई जगभर आहे," घोरपड म्हणाली. "नदीपलीकडचं मोहवन बघा. तिथली प्रजा झाडाच्या साली चघळते. त्या मानानं आपण तुपात लोळतोय."

"तूप कुठं हाय?"

"त्या मानानं, असं म्हणाले मी."

दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं. प्रजेच्या मनात समाधान उत्पन्न व्हावं, म्हणून सरकार 'तुलना यात्रा' काढत आहे. प्रत्येक घरातून एकाने मोहवनात जावं, तिथली दैना डोळे भरून पाहावी आणि सुखी होऊन परत यावं. जाताना शेजारधर्म म्हणून तिथल्या उपाशी जनतेसाठी मूठभर दाणे न्यावेत. न नेणारा जंगलद्रोही समजला जाईल.

चांगुणाच्या घरात मूठभरच दाणे उरले होते. तिने ते बोळक्यात भरले तेव्हा पिल्लं नुसती बघत राहिली. त्यांच्याकडे पाहायचं धाडस तिला झालं नाही. वेशीवर शिपायांनी बोळकं उघडलं आणि निर्यातकर म्हणून त्यातले थोडे दाणे काढून घेतले.

"त्यांच्याहून बरे, आपण सारे!" अशा घोषणा देत यात्रा नदीपात्रात उतरली. तर समोरून तशीच एक यात्रा येत होती. "साजवन बघा, मुकाट जगा!" असं ती ओरडत होती. सगळ्यांत पुढे गोदाक्का नावाची सायाळ होती. तिच्याही हातात बोळकं होतं.

"कुठं निघालीस, बाई?" चांगुणाने विचारलं.

"साजवनात. तिथली प्रजा साली चघळती म्हनं. आमच्या महाराजांनी बघाया धाडलंय. आन तू?"

"मी तुझी दैना बघाया."

एवढे काटे असूनही गोदाक्काच्या बरगड्या दिसत होत्या.

"मंग बघ की," गोदाक्का म्हणाली. "मी हितंच उभी हाय." आणि ती पोट धरून हसू लागली. चांगुणालाही हसू आवरेना. हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं.

चांगुणाने आपले दाणे गोदाक्काच्या ओच्यात ओतले. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, ही दोन्ही जंगलांची रीत. म्हणून गोदाक्काने आपल्या बोळक्यातले दाणे चांगुणाच्या बोळक्यात ओतले. तेही शेंगदाणेच होते, तेवढेच आणि तसेच खवट. मग मागच्या सगळ्यांनीही तेच केलं आणि दोन्ही यात्रा माघारी वळल्या.

वेशीवर आता आयातकर होता. चांगुणा घरी पोचली तेव्हा बोळक्यात तीन दाणे उरले होते. पिल्लंही तीनच होती, तेवढं एक नशीब.

लगेच महाराजांनी सभा घेतली. "निर्यात वाढली! आयात वाढली! कोठार भरलं!" टाळ्या थांबल्यावर चांगुणा उभी राहिली. "महाराज, मोहवनात आमच्यासारखंच हाय. तिथल्या लोकांना आमचं नाव सांगून गप बसवत्यात."

सगळ्यांच्या नजरा घोरपडीकडे वळल्या.

"सरकारची चूक झाली," घोरपड म्हणाली. मंत्र्याने चूक कबूल केल्याचं ऐकून महाराजांचा घास तोंडातच राहिला. "तुलनेसाठी फार जवळचं जंगल निवडलं गेलं. यापुढे समुद्रापलीकडच्या जंगलाशी तुलना केली जाईल. तिथं कुणाला चालत जाऊन येता येत नाही."

प्रजेला हे पटलं. महाराज पुन्हा निवडून आले. मोहवनातही तिथले महाराज पुन्हा निवडून आले. दोघांनी एकमेकांना अभिनंदन म्हणून शेंगदाण्यांच्या टोपल्या पाठवल्या. वाहून न्यायला वाट माहीत असलेलं कुणीतरी हवं होतं, म्हणून इकडून चांगुणाला धाडलं आणि तिकडून गोदाक्काला. नदीपात्रात दोघी थांबल्या. डोक्यावरच्या ओझ्याने मान वळवता येत नव्हती, म्हणून नुसत्या डोळ्यांनीच बोलल्या. दोन्हीकडच्या वेशींवर शिपायांनी टोपल्यांना सलाम ठोकला. झाकण कुणी उघडलं नाही. सरकारी भेटीवर कर नसतो.