बुंदीचा पाय आणि पहिला ठोका

एका डबक्यात होतं एक अंडं. बेडकीचं. गवताच्या काडीला चिकटलेलं. आत बेडूक होता म्हणता? छे. आत होते नुसते गोळे. इवले इवले. मोठी माणसं त्यांना पेशी म्हणतात. म्हणोत बापडी.

त्यातला सगळ्यात छोटा गोळा म्हणजे बुंदी. बुंदीला पाय नव्हते. पण हवा तेव्हा काढायची एक. फुळुक! आणि ज्याला त्याला टोचायची.

मधल्या चौकात धडधड मंडळी गोल करून बसली होती. त्यांना ठोका धरायचा होता. ठोका पडला तरच बेडूक होणार. पण एक जागा रिकामी. कुणाची? बुंदीची. बुंदीबाई वाटेत कोलांट्या मारत राहिल्या. तेवढ्यात वाट दाखवणारा घमघम वास विरून गेला. वाट बंद झाली. जागा तिकडे, बुंदी इकडे. आता मात्र बुंदीला रडू आलं.

टुणुक टुणुक बुंदी गेली चिकटकाकूंकडे. काकूंनी शेजाऱ्यांचे हात घट्ट धरून वाट अडवलेली.

"काकू, काकू, हात सोडा ना. काकू हात सोडतील, तर मी जागेवर जाईन."

आडवेकाका काकूंवर रेलले होते. हात सोडला तर काका पडायचे. काकू म्हणाल्या, "काका सरकतील, तर मी हात सोडीन. आणि आधी तो पाय आत घे."

बुंदीने पाय आत घेतला. सुळुक.

टुणुक टुणुक बुंदी गेली आडवेकाकांकडे.

"काका, काका, सरका ना. काका सरकतील, तर काकू हात सोडतील. काकू हात सोडतील, तर मी जागेवर जाईन."

सरकायचं कुठं, तेच काकांना कळेना. वास आला की कळतं. काका म्हणाले, "मावशी घमघमेल, तर मी सरकेन. आणि आधी तो पाय आत घे."

सुळुक.

टुणुक टुणुक बुंदी गेली गंधामावशीकडे.

"मावशी, मावशी, घमघम ना. मावशी घमघमेल, तर काका सरकतील. काका सरकतील, तर काकू हात सोडतील. काकू हात सोडतील, तर मी जागेवर जाईन."

मावशी पडली होती कोरडी ठाक. ती म्हणाली, "दादा थेंब देईल, तर मी घमघमेन. आणि आधी तो पाय आत घे."

सुळुक.

टुणुक टुणुक बुंदी गेली थेंबदादाकडे. दादाचं पोट हे एवढं. पोटात थेंब. तोंड मात्र फुगलेलं.

"दादा, दादा, थेंब दे ना. दादा थेंब देईल, तर मावशी घमघमेल. मावशी घमघमेल, तर काका सरकतील. काका सरकतील, तर काकू हात सोडतील. काकू हात सोडतील, तर मी जागेवर जाईन."

दादा म्हणाला, "मला कुणी हसवेल, तर मी थेंब देईन. पण मला हसूच येत नाही."

बुंदीने तोंड वाकडं केलं. दादा हसला नाही. बुंदी गरगर फिरली. दादा हसला नाही.

मग बुंदीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. पाय आत घे म्हणणारं कुणी जवळ नव्हतं. हळूच पाय काढला. फुळुक! आणि दादाच्या पोटाला गुदुगुदु. गुदुगुदु.

दादा हसला खदाखदा. टप्पकन् थेंब दिला.

दादाने थेंब दिला, मावशी घमघमली. मावशी घमघमली, काका सरकले. काका सरकले, काकूंनी हात सोडला. काकूंनी हात सोडला, आणि बुंदी सुटली. टुणुक टुणुक टुणुक, थेट चौकात. बसली आपल्या जागेवर.

काकू लांबून म्हणाल्या, "बुंदे, पाय आत घेतलास ना?"

"हो काकू," बुंदी म्हणाली.

आणि शेजारणीला केलं गुदुगुदु. शेजारीण उडाली. तिने पुढचीला केलं, पुढचीने तिच्या पुढचीला. सगळा चौक एकदम उडाला.

धक्.

काका सुद्धा उठून बसले.

धक् धक्. धक् धक्. अंड्यात बेडूक होऊ लागला.

आता तुझ्या छातीवर हात ठेव बघू. लागतंय हाताला? तिथंही कुणीतरी पाय आत घेतलेला नाही.

बुंदी बसली जागेवर, गोष्ट आली ठोक्यावर.