मापाची काठी

गळाची काठी करायला कुणी हाताचं माप घेतं, असं कधी ऐकलंय तुम्ही? वाशिष्ठीकाठची सगुणामावशी घ्यायची. खांद्यापासून मनगटापर्यंत दोरी धरायची, माणूस पाण्याकडे तोंड करून कसा बसतो ते बघायची आणि मगच बांबू तासायला घ्यायची.

यंदा मात्र मासेमारी मंडळाच्या अध्यक्षांनी, घोसाळकर साहेबांनी, वीसही सभासदांच्या काठ्या कारखान्यातून मागवायचं ठरवलं. मावशीचं कामच बंद पडणार होतं. तोंड उघडलं की आपण काहीतरी वेडंवाकडं बोलतो हे तिला ठाऊक होतं, तरी ती भर बैठकीत गेली.

"मावशी, कारखान्याचं एकच माप सगळ्यांना चालतं," साहेब म्हणाले. "तुमची मोजामोज म्हणजे नुसते चोचले!"

"असेल बाबा. मला मेलीला अक्कल कमीच, आणि दात तर एकही नाही," बोळकं दाखवत मावशी हसली. "पण एकच माप सगळ्यांना चालतं ना? मग तुमची कवळी जरा काढून द्या. एवढा चिवडा खाते आणि धुऊन परत करते."

साहेबांनी झटकन तोंडावर हात ठेवला. अख्खी बैठक पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचे वीसही जण मावशीच्या पडवीत येऊन बसले, आणि सगळ्यांत आधी साहेब आले होते.